तासांचे औषध आणि महिन्यांचे औषध

अहवालाच्या अखेरीस औषधभांडाराचे हिशेब दिले आहेत. त्यांतील दोन नोंदींविषयी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून हटकून विचारणा होते. तातडीची गर्भनिरोधक गोळी धर्मादाय रुग्णालयाने ठेवावी काय, ही एक. आणि नैराश्यावरील औषधे इतके महिने का द्यावी लागतात, ही दुसरी. वाणिज्य शाखेचे पदवीधर म्हणून हिशेब आम्ही मांडू शकतो. औषधांविषयीचा पुढील मजकूर मात्र रुग्णालयातील डॉक्टरांशी चर्चा करूनच लिहिला आहे.

तातडीच्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत ती एकदाच घ्यावयाची. ती बीजकोशातून बीज बाहेर पडणे लांबवते. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा भरवसा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास अपेक्षित गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी घेतल्यास ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी केवळ ५८ टक्के. आमच्याकडे द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणारी स्त्री मजुरी बुडू नये म्हणून बाजाराच्या दिवसापर्यंत थांबते. तो विलंब किती महाग पडतो, ते या आकड्यांत दिसते. गोळीनंतर दोन तासांत उलटी झाली तर मात्रा पुन्हा घ्यावी लागते, आणि पाळी आठवड्याहून अधिक लांबली तर तपासणी करावी.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी. तिचे अपयश शंभरात एकाहूनही कमी, आणि तीच पुढे कित्येक वर्षे चालते. वारंवार गोळीसाठी येणाऱ्या स्त्रीला डॉक्टर तांबी किंवा दुसरे नियमित साधन सुचवतात, ते याचसाठी.

भारतात ही गोळी २००५ सालापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत व आशा कार्यकर्तीकडे ती 'ईझी पिल' या नावाने मिळते. तरीही अनेक जण तिला गर्भपाताची गोळी समजतात. गर्भपाताची औषधे, म्हणजे मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल, सर्वस्वी वेगळी आहेत. ती १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली अधिकृत डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यावयाची असतात. तातडीची गोळी रुजलेल्या गर्भाला काहीही करत नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ साली उघडले. शतक उलटले, पण औषधाच्या खिडकीशी ही गोळी मागताना आवाज अजूनही खाली जातो.

नैराश्याच्या औषधांचा हिशेब उलटा आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम या आज प्रथम दिल्या जाणाऱ्या गोळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो. चार दिवस घेऊन 'मानवत नाही' म्हणून गोळी सोडणारे रुग्ण नेमके या टप्प्यावर गळतात. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. झोपेच्या गोळ्यांसारखी यांची चटक लागत नाही, परंतु एकदम बंद केल्यास चक्कर व बेचैनी येते. म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात. अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी बहुधा सर्ट्रालिन निवडतात. पंचविशीच्या आतील रुग्णावर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे.

ॲमिट्रिप्टिलिन हे जुने औषध स्वस्त व गुणकारी आहे, पण त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, आणि जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्यास ते जिवावर बेतते. म्हणून आत्महत्येचा विचार बोलून दाखवलेल्या रुग्णाच्या घरी ते थोड्या दिवसांचेच द्यावे व नातेवाइकाच्या ताब्यात ठेवावे. शेतकरी घरात फवारणीचे औषधही त्याच कुलपात जावे, ही आमची आग्रहाची विनंती.

प्रत्येक दुःखाला गोळी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे गेली. त्या घरांतील शोक हा आजार नव्हे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व कामातील रस गेला, जगणे नकोसे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. सौम्य नैराश्यात समुपदेशनच आधी करतात.

दोन्ही औषधे एकाच स्त्रीला लागली तर? वर सांगितलेल्या नैराश्याच्या गोळ्या चालू असताना तातडीची गोळी घेता येते. त्यासाठी कोणतीही थांबवू नये. फिट किंवा मनाच्या चढउतारासाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्या स्त्रीत मात्र तातडीच्या गोळीचा प्रभाव घटतो. तिला तांबी अधिक भरवशाची. परदेशस्थ मुलांनी पाठवलेली 'सेंट जॉन्स वर्ट' ही वनस्पतिजन्य गोळीही असाच अडथळा आणते, आणि नैराश्याच्या इतर औषधांबरोबर ती धोक्याची ठरते. वनस्पतीची म्हणून ती निरुपद्रवी, असे धरून चालू नये.

खर्चाच्या दृष्टीने पाहता या गोळ्या भांडारातील महाग वस्तूंत मोडत नाहीत. खरा खर्च आहे तो परिचारिकेच्या वेळेचा आणि एका बंद दाराच्या खोलीचा. स्त्रीने सासू किंवा नवऱ्याशिवाय आत बसून विचारावे व उत्तर घेऊन जावे, एवढ्यासाठी. देणगीदारांनी निधी देताना या बाबीचा विचार करावा.

रुग्णांनी येताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. रात्री-अपरात्री मनाची घालमेल असह्य झाली तर 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते.