१४२८५७ (संख्या)

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही एक विषम नैसर्गिक संख्या आहे. १ ला ७ ने भागले असता ०.१४२८५७१४२८५७… हा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. त्यात पुनःपुन्हा येणारा सहा अंकांचा गट म्हणजेच ही संख्या होय. ती चक्रीय संख्या, हर्षद संख्या आणि कापरेकर संख्या आहे.

चक्रीय गुणधर्म

या संख्येस २ ते ६ पर्यंतच्या संख्यांनी गुणिले असता तेच अंक त्याच क्रमाने, परंतु निराळ्या अंकापासून सुरू होऊन येतात.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

७ ने गुणिले असता मात्र ९९९९९९ हा गुणाकार येतो. संख्येचे दोन समान भाग करून बेरीज केल्यास १४२ + ८५७ = ९९९, आणि तीन भाग केल्यास १४ + २८ + ५७ = ९९ मिळतात.

कारणमीमांसा

हा गुणधर्म चमत्कारिक वाटला तरी त्याचे मूळ साध्या भागाकारात आहे. १ ला ७ ने भागताना बाकी अनुक्रमे १, ३, २, ६, ४, ५ अशी येते आणि पुन्हा १ येऊन चक्र पूर्ण होते. शून्याखेरीज ७ ने भागल्यावर उरू शकणाऱ्या सर्व सहा बाक्या या एकाच चक्रात येतात. म्हणून ३/७ चा भागाकार म्हणजे त्याच चक्राची ३ या बाकीपासून झालेली सुरुवात होय. त्याचे अंक ४२८५७१ असे येतात.

प्रत्येक मूळ संख्येबाबत असे घडत नाही. १३ ने भागताना बाक्यांची दोन स्वतंत्र चक्रे पडतात. त्यामुळे १/१३ मध्ये ०७६९२३, तर २/१३ मध्ये १५३८४६ हा गट येतो. १७ पासून सोळा अंकी चक्रीय गट मिळतो, पण त्याच्या आरंभी शून्य असते. हा गुणधर्म दशमान पद्धतीवरही अवलंबून आहे. अष्टमान पद्धतीत १/७ हा अपूर्णांक केवळ ०.१११… असा लिहिला जातो.

हर्षद संख्या

१४२८५७ = ३³ × ११ × १३ × ३७. तिच्या अंकांची बेरीज २७ असून २७ ने तिला निःशेष भाग जातो (१४२८५७ ÷ २७ = ५२९१). अशा संख्यांना 'हर्षद संख्या' हे नाव महाराष्ट्रातील गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. ते देवळाली येथे शालेय शिक्षक होते.

कापरेकर संख्या

ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केल्यास मूळची संख्या मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. त्याचप्रमाणे,

१४२८५७² = २०४०८१२२४४९
२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

याचे कारणही ७ मध्येच आहे. १४२८५७ ची सातपट ९९९९९९ आहे, आणि तिच्याहून एकाने लहान असलेली १४२८५६ ही संख्या ७ × २०४०८ एवढी आहे. त्यामुळे १४२८५७ च्या वर्गातून ती संख्या वजा केल्यास २०४०८ × ९९९९९९ उरतात. ९९९९९९ म्हणजे दहा लाख उणे एक असल्याने वर्गाच्या डावीकडील भाग २०४०८, आणि उजवीकडील भाग १४२८५७ − २०४०८ = १२२४४९ होतो.