पुरापासून बचावाची साधने : अनुदान मिळाल्यानंतरचे काम

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या काठच्या गावांना पूर नवीन नाही. पाणी किती चढेल याचा अंदाज तेथील जुनी माणसे खुणांवरून बांधीत असत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हे अंदाज चुकले. याच पुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. नावेत तिच्या शक्तीपेक्षा अधिक माणसे चढली होती. पाणी क्षणाक्षणाला वाढत असताना पुढच्या फेरीची शाश्वती नसली म्हणजे माणसे मिळेल त्या फेरीत चढणारच. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. गावात नावा किती आहेत, त्या कशा स्थितीत आहेत व प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट आहे किंवा नाही, या गोष्टी पूर येण्यापूर्वीच पाहावयाच्या असतात.

या साधनांसाठी पैसा कोठून येतो, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राज्य आपत्ती प्रतिसाद निधी स्थापन झाला. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीच्या प्रत्येक रुपयात केंद्र सरकारचे ७५ पैसे व राज्य सरकारचे २५ पैसे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आपत्तीच्या एकूण रकमेची जी वाटणी ठरवून दिली, तीत शंभर रुपयांपैकी ४० रुपये तातडीच्या मदतीसाठी, ३० पुनर्उभारणीसाठी, २० आपत्तीची तीव्रता कमी करण्याच्या कामांसाठी आणि १० रुपये पूर्वतयारीसाठी होते. नावा, दोर, दिवे व संदेशवहनाची यंत्रे यांचा विचार या शेवटच्या दहा रुपयांत करावयाचा असतो. रक्कम लहान दिसते, परंतु मदत वाटण्याची वेळ कमी वेळा यावी यासाठी तिचाच उपयोग आहे.

अग्निशमनासाठी निराळी तरतूद झाली. राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. उसाच्या फडाला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागल्यावर तालुक्याच्या गावाहून बंब येईपर्यंत काय शिल्लक राहते, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको.

जिल्ह्यात जिल्हाधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. गावाची मागणी तहसीलदारांमार्फत तेथे जावी. मागणी करताना केवळ 'नाव हवी' असे लिहून भागत नाही. पुरात वेढली जाणारी वस्ती कोणती, तेथे घरे किती, लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे किती, पाण्याला ओढ कोठे असते, पाण्याखाली तारांची कुंपणे व झाडे कोठे येतात, नाव चालविणारे किती जण आहेत, हे सर्व नमूद केलेले असावे. यावरूनच रबरी नाव योग्य की फायबरची, हे ठरते. काटेरी कुंपणांच्या शिवारात रबरी नाव फाटण्याचा धोका असतो. ऐन संकटात निविदांशिवाय खरेदी करण्याची मुभा अधिनियमाच्या ५० व्या कलमात आहे खरी. पण त्या वेळी बाजारात असेल तेच घ्यावे लागते.

साधनांबरोबर माणसेही तयार हवीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत 'आपदा मित्र' योजना सुरू केली व पुढे ती ३५० जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांसाठी वाढविली. शिकून तयार झालेल्या प्रत्येक स्वयंसेवकास एक संच देण्याची या योजनेत तरतूद होती. त्यात जीवरक्षक जाकीट, विजेरी, शिरस्त्राण, हातमोजे, गमबूट, शिट्टी, प्रथमोपचार पेटी अशा वस्तू होत्या. गावात असे स्वयंसेवक असल्यास त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावीत.

आता देखभालीविषयी. अनुदानातून वस्तू मिळते. तिची निगा राखण्याचा खर्च सामान्यतः गावाकडे येतो, आणि पुष्कळदा येथेच काम अडते. पंपाचे इंजिन वापरणाऱ्या शेतकऱ्यास नावेच्या इंजिनाचे तंत्र फारसे परके नाही. पाऊसकाळ संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच राहू दिल्यास ते काही महिन्यांत चिकट होते व कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. म्हणून इंजिन ठेवून देण्यापूर्वी इंधन पूर्णपणे काढावे व पुराचा गाळ गेलेल्या भागांतून स्वच्छ पाणी खेळवावे. दोन धावांच्या इंजिनास पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. त्याचे प्रमाण कारखान्याच्या पुस्तिकेत पाहूनच ठेवावे.

रबरी नाव ओली असताना कधीही घडी करू नये. ती सावलीत वाळवून उंचावर ठेवावी, कारण धान्याच्या कोठाराप्रमाणे येथेही उंदीर हाच मोठा शत्रू आहे. जाकिटे उन्हात ठेवल्याने कापड व पट्टे कुजतात. एखाद्या जाकिटातील स्पंजासारखा भाग दाबून बसला असेल किंवा बक्कल तुटलेले असेल, तर ते बाजूला काढून त्याऐवजी दुसरे मागवावे. नावेवर किती माणसे बसवावीत तो आकडा मोठ्या अक्षरांत मराठीत रंगविलेला असावा, आणि तो पाळविण्याचा अधिकार कोणाचा, हे ग्रामसभेत आधीच ठरलेले असावे. काठावर गर्दी जमल्यावर हा वाद मिटत नाही.

नायलॉनचे दोर हा एक नेहमीचा तक्रारीचा विषय आहे. चांगला दोर दिसला की तो ट्रॉलीतील ऊस बांधण्यास नेला जातो, आणि घासून झिजलेल्या दोरावर पुढे माणसाचा जीव टांगला जातो. साधने कोणाच्या ताब्यात आहेत व किल्ली कोणाकडे आहे, याची नोंद वहीत असावी. किल्लीची दुसरी जोडी पुराच्या पाण्यात न जाणाऱ्या घरात ठेवावी. साधनांची खोलीच सखल भागात बांधलेली असेल, तर ती आधी हलविली पाहिजे.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, नाव एकदा तळ्यात किंवा नदीच्या डोहात उतरवून इंजिन अर्धा तास चालवून पाहावे. त्या दिवशी बिघाड आढळला तर कारागिरास बोलावण्यास व सुटा भाग मागविण्यास पाऊस सुरू होईपर्यंत दोन आठवडे हाती राहतात.