वाफशावर अंथरायची हिरवळ

मे महिन्यात काळ्या मातीच्या अंगणात हातातली किल्ली निसटली, तर ती भेगेत गडप होऊ शकते. तेच अंगण जुलैत पायातली चप्पल ओढून घेतं. सोलापूर, लातूर, परभणी, अकोला भागात घर असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. याच अंगणावर रोलमध्ये मिळणारी कृत्रिम हिरवळ अंथरायची हौस आता वाढली आहे. हौसेला हरकत नाही. पण दुकानदार धाग्याची उंची आणि हिरव्या रंगाच्या छटा दाखवतो, आणि खरं काम असतं त्याखालच्या आठ इंचांत.

आधी माती समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. तो झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण पापुद्र्यांचे. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरलं की ते एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. पाणी उडालं की मिटतात आणि माती आकसून फाटते. भेगाळलेली जमीन वळवाचं पाणी गटागटा पिते, पण एकदा फुगून भेगा बुजल्या की पुढचं पाणी वरच तुंबतं.

हिरवळीच्या पाठीला भोकं असतात, म्हणून पाणी आपोआप जिरेल असं सांगितलं जातं. भोकांतून ते उतरतं खरं, पण खाली काळी माती दार लावून बसलेली असते. म्हणजे पाणी खाली जिरवायचा नाद सोडायचा आणि ते आडवं बाहेर न्यायचं. पुढचं सगळं काम यासाठीच.

कोबा करून त्यावर हिरवळ चिकटवण्याचा सल्ला हमखास मिळतो. गच्चीवर तो ठीक. काळ्या मातीवर मात्र पातळ कोबा दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो, आणि तडे बुजवायला चिकटवलेली हिरवळ उखडावी लागते. मुरूम आणि खडी मातीबरोबर थोडी हलतात, फुटत नाहीत. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांसाठी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराची पद्धत मांडली होती. चांगला मुरूम त्या कामाला चालतो. कालव्याला थर बराच जाड लागतो. अंगणात चार इंचांवर भागतं, कारण इथे फुगणं रोखायचं नाही, ते एकाच जागी उंचवटा होऊन वर येऊ नये एवढंच पाहायचं आहे.

काम काढायचं कधी? मेमध्ये माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हा केलेली पातळी पावसाळ्यात उचलली जाते. ऑगस्टमध्ये रोलर रुततो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तशी माती हवी: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. पावसाळा सरल्यावर असे दिवस मिळतात.

समजा अंगण वीस फूट बाय पंधरा फूट आहे. आठ इंच खोदलं की २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास माती निघते. मोकळी झाल्यावर ती आणखी जास्त दिसते, तेव्हा ती टाकायची कुठे हे आधी ठरवा. खड्ड्याच्या तळालाच ढाळ द्यायचा, घरापासून बाहेर, दर आठ फुटांना एक इंच. गवंड्याची पाण्याची नळी पुरते. तळ सपाट ठेवून फक्त वरच्या थराला ढाळ दिला, तर खाली परातीसारखं पाणी साचतं. ओळखीच्या एका घरी असंच झालं होतं. पहिल्याच पावसाळ्यात हिरवळीवर चालताना ओल्या गादीवर चालल्यासारखं वाटायचं.

तळावर जिओटेक्स्टाइलचं कापड पसरायचं. ते नसेल तर माती वरचा भराव हळूहळू गिळते. त्यावर चार इंच मुरूम, मग तीन इंच वीस एमएमची खडी, वर एक इंच कच. ही मापं दाबल्यानंतरची आहेत, म्हणून माल साधारण पाव हिस्सा जास्त मागवा. मुरूम दोन थरांत, पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. सगळा एकदम ओतून धुमस मारली तर वरचा भाग तेवढा बसतो. पाणी दाबलेल्या मुरमावरून, खडीच्या पोकळीतून सरकत जातं; म्हणून सखल कडेला चर खणून, कापडात गुंडाळलेला, भोकं असलेला चार इंची पाइप टाकायचा आणि तो गटाराला जोडायचा. छपराचं पाणी हिरवळीवर सोडू नका.

अंथरणं त्या मानाने सोपं. रोल दोनेक तास उन्हात उलगडून ठेवा, सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला घ्या, कापायचं ते पाठीकडून. जोड पट्टी आणि गोंदाने बसवा, कडेला खिळे मारा, कोरडी वाळू टाकून झाडूने घोळवा. कडुनिंबासारखं मोठं झाड असेल तर बुंध्याभोवती मोकळं आळं ठेवाच. मुळं ओल ओढतात, तिथली माती जास्त आकसते, आणि हिरवळ नेमकी तिथेच खचते.

उन्हाळ्यात दुपारी हे प्लास्टिक पाय भाजण्याइतकं तापतं. मुलांना अनवाणी सोडू नका. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा चालून पाहा. जिथे पाय खोलगट पडेल, तिथला कोपरा उचलायचा, दोन पाट्या कच टाकून दाबायचा आणि हिरवळ पुन्हा खिळवायची.