सेवा करावी, पण पाय काढून घेऊ नयेत

घरातले वडीलधारे माणूस दुखण्यातून उठले, की सून मायेने म्हणते, "मामंजी, तुम्ही नुसते बसा, सगळे हातात आणून देते." ही सेवाच आहे. पण श्रोतेहो, या सेवेत एक धोका दडलेला असतो.

स्नायू वापरले तर टिकतात, नाहीतर झिजतात. उतारवयात ही झीज फार लवकर होते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ १ किलो मांस झडले. मग पाय लटपटतात, माणूस पडते, खुब्याचे हाड मोडते आणि खाट कायमची होते.

गेलेली ताकद परत येते का? येते. बोस्टन येथे १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊजणांनी तो आठ आठवडे पुरा केला; त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीचपटीहून अधिक झाली!

आपल्या घरी एवढी साधने नकोत. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची पुरे. तिच्यावरून पाच वेळा उठायचे, पाच वेळा बसायचे; हळूहळू दहावर जायचे. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. आठवड्यातून निदान तीन दिवस तरी हे व्हावे. बाकी वेळी अंगणापर्यंत फेरी, भाजी निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे. "व्यायाम करा" म्हटले की म्हातारी माणसे रुसतात, "आजी, एवढ्या शेंगा सोलून देता का?" म्हटले की हात आपोआप चालू लागतात. कारण त्यांनाही कुणाला तरी उपयोगी पडायचे असते.

मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. झोपलेल्याला एकदम उभे करू नये. क्षणभर खाटेच्या कडेवर बसवावे. न्हाणीतली फरशी कोरडी ठेवावी, वाटेतली गोधडी उचलावी. छातीत दुखले, घेरी आली, तर लगेच थांबावे.

तात्पर्य एवढेच, की त्यांचे काम आपण करू नये. त्यांना करू द्यावे आणि आपण शेजारी उभे राहावे. पाण्याचा तांब्या उशाशी असू द्या. पण हा रेडिओ? तो चार पावले दूरच ठेवा. लावायला आजोबांनाच उठू द्या!