स्मरणातला विराट, विस्मरणातला मानांक

महाभारताच्या सभापर्वात सहदेवाचा दक्षिण-दिग्विजय आहे. त्यात त्याने दूत पाठवून वश केलेल्या नगरांची नावे येतात आणि त्यांत एक नाव करहाटक, म्हणजे आपले कऱ्हाड. त्याच यादीत एका-दोन श्लोकांच्या अंतराने आणखी एक नाव येते: रोमा. छापील पोथ्यांत पूर्वी तिथे ‘आटवी नावाची रम्य नगरी’ असा पाठ असे. पुण्याच्या भांडारकर संस्थेसाठी सभापर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना फ्रँकलिन एजर्टन यांनी हस्तलिखिते ताडून पाहिली आणि ‘अन्ताखी आणि रोमा’ हा पाठ स्वीकारला. अन्ताखी म्हणजे अँटिओक आणि रोमा म्हणजे रोम, असे त्यांनी 1938 साली मांडले. कृष्णाकाठचे गाव आणि टायबरकाठचे महानगर असे एकाच यादीत आले.

या दोन्ही नद्यांच्या काठी राजांच्या कथा आहेत. त्यांतल्या काहींना पुरावा आहे, काहींना नाही. कोणता राजा लोकांच्या तोंडी राहतो आणि कोणता मातीखाली जातो, याचा शोध सातारा-सांगली परिसरात घेतला, तर जे हाती येते ते रोमच्या इतिहासकारांनाही विचार करायला लावील असे आहे.

टायबरकाठचे सात

रोमच्या परंपरेनुसार इ. स. पूर्व 753 मध्ये नगर वसले आणि इ. स. पूर्व 509 मध्ये राजेशाही संपली. मधल्या काळात सात राजे झाले: रोम्युलस, न्यूमा पॉम्पिलिअस, टुलस होस्टिलिअस, अँकस मार्शिअस, थोरला टार्क्विनिअस, सर्व्हिअस टुलिअस आणि गर्विष्ठ टार्क्विनिअस. प्रत्येकाच्या नावावर एकेक कार्य मांडलेले आहे. रोम्युलसने नगर वसवले, न्यूमाने धर्मविधी आणि पंचांग लावून दिले, टुलसने युद्धे केली, सर्व्हिअसने नागरिकांची गणना आणि वर्गवारी केली.

सात राजांची 244 वर्षे म्हणजे सरासरी जवळजवळ पस्तीस वर्षांची एकेक कारकीर्द. हे शक्य आहे का, ते आपल्या घरच्या हिशेबाने पडताळता येते. सातारच्या गादीवर 1708 ते 1848 या 140 वर्षांत पाच छत्रपती झाले: थोरले शाहू, रामराजा, दुसरे शाहू, प्रतापसिंह आणि शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. सरासरी अठ्ठावीस वर्षे. यांतल्या काहींना तर गादी कोवळ्या वयात मिळाली होती. रोममध्ये गादी वारशाने चालत नसे, राजे प्रौढ वयात निवडले जात, आणि त्याच परंपरेप्रमाणे शेवटच्या तिघांतल्या दोघांचा खून झाला, तिसऱ्याला हाकलून दिले गेले. असे असताना पस्तीस वर्षांची सरासरी टिकत नाही. एक तर काही राजे गळले आहेत, किंवा काळ ताणलेला आहे.

हा इतिहास सविस्तर लिहिणारा लिव्ही रोम्युलसच्या काळापासून सातशे वर्षे दूर होता. गॉल टोळ्यांनी नगर जाळले त्या वेळी जुन्या नोंदी बहुतेक नष्ट झाल्या, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. तरीही सगळेच कल्पित नव्हते. 1899 साली पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांना रोमच्या जुन्या चौकात काळ्या फरशीखाली एक शिलालेख सापडला. तो इ. स. पूर्व सहाव्या शतकातला असून त्यात प्राचीन लॅटिनमध्ये ‘राजा’ हा शब्द कोरलेला आहे. राजेशाही होती हे त्याने सिद्ध झाले, राजाचे नाव मात्र त्यात नाही. सर्व्हिअस टुलिअसचे खरे नाव मास्टार्ना होते आणि तो रोमशेजारच्या एट्रुस्कन लोकांतल्या वीरांचा साथीदार होता, असे सम्राट क्लॉडिअसने एट्रुस्कन लेखकांच्या आधारे सांगितले. ते भाषण लियोंच्या ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेले आजही वाचता येते. म्हणजे एकाच राजाच्या दोन गावांत दोन कथा होत्या. जिंकणाऱ्या गावाची कथा पाठ्यपुस्तकात गेली.

वाईचा विराट

आता कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात येऊ. वाई म्हणजे विराटनगरी आणि पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष इथेच काढले, ही श्रद्धा या मुलखात खोल रुजलेली आहे. 1885 सालच्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही तिची नोंद घेतली. गावाच्या माथ्यावर पांडवगड आहे, पलीकडे वैराटगड. नावांनीच कथेला पहारा दिला आहे.

महाभारतातला विराट मत्स्य देशाचा राजा. मत्स्य देश राजस्थानात येतो, आणि जयपूरजवळच्या बैराटलाही विराटनगर म्हणतात. तिथे अशोकाचे लेख सापडले आहेत. मग वाईला विराट कसा आला? वाईजवळ लोहारे इथे आणि पांडवगडाच्या अंगावर कोरीव लेणी आहेत. कोरणाऱ्यांची आठवण विझल्यावर महाराष्ट्रभर अशा लेण्यांना पांडवांचे नाव मिळाले. एवढा खडक माणसाने कोरला, तर तो माणूस साधा नसणार, असा लोकांचा न्याय. या कथेत विराटाचा पुरावा नाही. पण वाईचा परिसर फार जुना वसलेला आहे, इथे कधीतरी मोठी उभारणी झाली होती, ही आठवण तिने जपली. 

पन्हाळ्याचा भोज

दुसऱ्या जातीचा राजा म्हणजे भोज. साताऱ्याचा अजिंक्यतारा, चंदन-वंदन, वैराटगड, पांडवगड यांच्या बांधणीची गोष्ट निघाली की पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाचे नाव येते. पंधरा किल्ले त्याने बांधले असे सांगतात. विराटासारखा हा केवळ कथेतला राजा नव्हे. हा दुसरा भोज बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य करत होता. त्याचा शके 1113 चा, म्हणजे 1191 सालचा ताम्रपट रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीला आहे. 1205 साली आजऱ्याला सोमदेवाने रचलेल्या ‘शब्दार्णवचंद्रिका’ या व्याकरणग्रंथात त्याच्या राज्याचा उल्लेख आहे. 1212 च्या सुमारास देवगिरीच्या यादव सिंघणाने त्याचा पाडाव केला आणि शिलाहारांचे राज्य संपले.

राजा खरा, किल्लेही खरे. पण आज गडांवर दिसणारे तट आणि दरवाजे बहुतेक बहामनी, आदिलशाही आणि मराठी काळातले आहेत. जो शेवटचा मोठा स्थानिक राजा होता, त्याच्या नावावर लोकांनी सगळी दगडी श्रीमंती जमा केली. रोमची सुरुवातीची तटबंदी सर्व्हिअसच्या नावाने ओळखली जाते, पण आज उभी असलेली भिंत त्याच्या काळानंतरची, इ. स. पूर्व चौथ्या शतकातली. दोन्हीकडे स्मरणाची रीत एकच.

हे शिलाहार स्वतःही पूर्वजकथा सांगत. मिरज परिसर त्यांच्या सत्तेखाली होता आणि मारसिंहाचा 1058 सालचा ताम्रपट मिरजेचाच म्हणून ओळखला जातो. नागाचा जीव वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा विद्याधर जीमूतवाहन हा आमचा मूळपुरुष, असे ते आपल्या लेखांत अभिमानाने सांगत, आणि ध्वजावर सुवर्णगरुड मिरवत. ज्युलिअस सीझरचे घराणे व्हीनस देवीपासून आपली वंशावळ काढत असे. राज्य करायचे तर तलवारीबरोबर पूर्वजही लागतो, हे दोन्ही घराण्यांना ठाऊक होते.

माणचा मानांक

तिसऱ्या जातीचा राजा मात्र मनाला चटका लावणारा आहे. त्याला पुरावा आहे, पण कथा नाही.

एका ताम्रपटात अभिमन्यू नावाचा राष्ट्रकूट राजा आपली वंशावळ सांगतो: मानांक, त्याचा पुत्र देवराज, त्याचा भविष्य आणि त्याचा अभिमन्यू. दान मानपुराहून दिलेले आहे. दक्षिण-शिवाच्या पूजेसाठी जटाभार नावाच्या साधूला उंडिकवाटिका हे गाव दिल्याची ती नोंद. दुसऱ्या ताम्रपटात देवराजाचा पुत्र अविधेय पांडरंगपल्ली हे गाव दान देतो. तिथे मानांकाने विदर्भ आणि अश्मक देशांना सळो की पळो केल्याचे आणि कुंतल देशावर सत्ता गाजवल्याचे वर्णन आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी पांडरंगपल्ली म्हणजे पंढरपूर असे ठरवले, भोवतालच्या गावांत अनवली आणि चळे ओळखली, आणि त्यावरून मानपूर म्हणजे सातारा जिल्ह्यातले माण असा निष्कर्ष काढला. मानपुराची जागा इतरत्र दाखवणारे अभ्यासकही आहेत. पण पंढरपूरच्या दानाशी माण जितके जुळते, तितके दुसरे स्थळ जुळत नाही.

या ताम्रपटांवर शकवर्ष कोरलेले नाही. अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो, आणि त्यावर मतभेद आहेत. मिराशींनी मानांकाला चौथ्या शतकाच्या मध्यात ठेवले. कालिदासाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या, आज लुप्त झालेल्या ‘कुंतलेश्वरदौत्य’ (कुंतलेश्वराकडे केलेले दूतकार्य) या कृतीतला कुंतलेश म्हणजे मानपूरचा देवराज असावा, असेही त्यांनी सुचवले. हे अनुमान मान्य केले, तर गुप्त सम्राटाचा दूत म्हणून कालिदास माणदेशात येऊन गेला असे म्हणावे लागेल.

माणदेश म्हटले की आपल्याला दुष्काळ आठवतो, मेंढरे आठवतात, व्यंकटेश माडगूळकरांची माणसे आठवतात. शिखर शिंगणापूरच्या नावात लोक यादव सिंघणाला ओळखतात. मानांकाला कोणी ओळखत नाही. त्याच्या नावाचे गाणे नाही, गड नाही, जत्रा नाही. रोमच्या बाबतीत नेमके उलटे घडले. रोम्युलस हे नाव नगराच्या नावावरून घडवले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, तरी त्याला जगभर लेकरेही ओळखतात. इथे ज्याच्या नावाने नगर वसले असावे, तो राजा तांब्याच्या पत्र्यापुरता उरला.

राजांच्या आधीचे

याहून जुना पुरावा पाहिला तर राजाच दिसत नाही. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या कठड्यावर, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास, कऱ्हाडच्या नगरजनांनी दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. हजारभर किलोमीटरवर इथल्या लोकांनी वर्गणी पोचवली होती. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचा लेख आहे. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्याला प्रथम ज्यांनी लेखी ओळख दिली, ते सिंहासनावर बसलेले नव्हते. ते बाजारपेठेत बसलेले होते.

म्हणून राजांच्या कथा टाकून द्याव्यात असे मी म्हणणार नाही. विराटाची कथा वाईच्या प्राचीनतेची लोकनोंद आहे, भोजाची कथा शिलाहारांच्या सत्तेची. त्यांचे मोल त्या जागी राहू द्यावे. पण कथेला जो मान आपण सहज देतो, तो लेखाला कष्टाने का होईना द्यायला हवा. रोमच्या सात राजांवर शतकानुशतके वाद झाला, म्हणून तिथे काळ्या फरशीखालचा एकेक शब्दही मोलाचा ठरला. मानपूर खरोखर माणच होते का, हा वाद दहिवडी, म्हसवड आणि आटपाडीच्या शाळा-महाविद्यालयांत व्हायला हवा. मानांक, देवराज, भविष्य, अभिमन्यू, अविधेय ही पाच नावे तिथल्या मुलांना ठाऊक असली पाहिजेत, आणि त्या नावांवर शंका घ्यायचीही त्यांना मुभा असली पाहिजे. शंका घेत घेत आठवणे हाच त्या राजांचा खरा सन्मान आहे.