बर्फातला झिंगा शिजवताना

गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो. ताजा झिंगा कसा मऊ लागतो, मग फ्रीजमधला चामड्यासारखा का होतो? मसाला तोच, चूल तीच. फरक पडतो तो बर्फ कसा काढला आणि किती वेळ शिजवला यात.

सुरुवात साठवण्यापासून करू. मामा तलावातला किंवा वैनगंगेचा झिंगा स्वस्त मिळाला की आपण जास्तीचा घेतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी त्याचं डोकं काढा. पोटातला पाचक रस डोक्याकडेच असतो, तो मांसात उतरला की मांस भुसभुशीत होतं. टरफल राहू द्या. एका वेळेला लागेल तेवढाच एका डब्यात भरा आणि झिंगा बुडेल एवढं पाणी घाला, म्हणजे हवा लागून तो वाळत नाही.

शिजवायच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाहुणे अचानक आले तर झिंगा घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदला. गरम पाणी नको, ऊन नको. वरचं मांस अर्धं शिजतं आणि आत बर्फ तसाच राहतो. शिवाय गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. ५ ते ६० अंशांमध्ये ते पुन्हा झपाट्याने वाढतात, आणि आपली ब्रह्मपुरी तर मे महिन्यात ४५ अंशांच्याही वर जाते! अशा दिवसांत ओट्यावर तासभर राहिलेला झिंगा खाऊ नये.

लाईन गेली तर फ्रीज उघडून पाहत बसू नका. आल्यावर बघा. बर्फ अजून कडक असेल तर चिंता नाही. नरम पडला, पण हाताला थंडगार लागतो, तर त्याच दिवशी शिजवा. कोमट झाला असेल तर फेकाच. वास येत नाही म्हणून चांगला, असं नसतं. अर्धा किलो झिंगा फेकताना जीव तुटतो, आम्हाला ठाऊक आहे. पण घरात दोघं-तिघं जुलाबाने पडले, तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्याहून भारी पडते.

आता शिजवणं. बर्फ सुटल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या, टरफल आणि पाठीतला काळा दोरा काढा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, तिखट, सोबत अंबाडी किंवा चिंच, असा रस्सा आधी चांगला शिजवून घ्या. झिंगा सगळ्यात शेवटी. लहान असेल तर उकळत्या रश्श्यात तीन मिनिटं, मोठा असेल तर पाच. काचेसारखं मांस पांढरं होऊन अर्ध्या चंद्रासारखं वळलं की उतरवा. गोल गाठ झाली म्हणजे जास्त शिजला. वरून सांबार. सोबत एचएमटीचा भात, तो तर आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागड्यांनी शोधलेला!

कुणाकडे शहरातून समुद्रातला शेवंड आला, तरी रीत हीच. आधी पूर्ण बर्फ सुटू द्यायचा. दोनशे ग्रॅमची शेपटी टरफलासकट उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटांत होते.

झिंगा खाल्ल्यावर कुणाचे ओठ सुजत असतील, अंगावर गांधी उठत असतील, तर त्यांना शेवंडही देऊ नका. श्वास लागला तर लगेच १०८ ला फोन करा.