नागरी ख्रिस्ती धर्मसेवा व पाळकांचे प्रशिक्षण

मोठ्या शहरांतील ख्रिस्ती मंडळ्यांची धुरा वाहण्यासाठी पाळक, धर्मगुरू, उपदेशक आणि वेतन न घेता काम करणारे मंडळीचे वडील यांना दिले जाणारे विशेष शिक्षण. त्यात बायबलचा व धर्मसिद्धांताचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. त्यावर शहराची रचना, कामगारांचे जीवन, वस्त्यांचे प्रश्न, समुपदेशन, कायदा व हिशेब यांच्या ज्ञानाची आणि देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची जोड दिलेली असते. युरोप-अमेरिकेत या शिक्षणाचा विचार औद्योगिक शहरांच्या वाढीबरोबर सुरू झाला. महाराष्ट्रात त्याचा इतिहास वेगळा आहे, कारण येथील पाळक घडविले गेले ते मुख्यतः खेड्यांसाठी.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि अमेरिकन मराठी मिशनचे कार्य शहरातच सुरू झाले. तथापि मिशनला मोठा प्रतिसाद मिळाला तो घाटावर. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये केंद्र उघडल्यानंतर आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या काळात, नगर जिल्ह्यातील खेड्यांतून मंडळ्या वाढत गेल्या. त्यांना सांभाळण्यासाठी माणसे हवी होती. रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांनी १८७८ मध्ये अहमदनगर येथे धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली ती या गरजेतून. तेथे तयार झालेला पाळक एका टापूतील पाच-सात गावांचा असे. तो पायी किंवा तट्टावर फिरे. शाळा चालविणे, अर्ज लिहून देणे, तंटा मिटविणे, प्रेतसंस्कार करणे ही सारी कामे त्याच्याकडे येत, आणि गावातील प्रत्येक घर त्याला नावानिशी माहीत असे. त्या काळाच्या मानाने ही घडण उत्तम होती. तिच्यातील उणीव दिसू लागली ती मंडळीच गाव सोडून निघाल्यावर.

मुंबईच्या कापडगिरण्यांना मजूर पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीच्या जोडीने सातारा, कोल्हापूर, पुणे व अहमदनगर हे जिल्हे महत्त्वाचे होते. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव व माण हे तालुके अवर्षणप्रवण. त्यांच्या आणि सातारा शहराच्या मध्ये कोरेगाव तालुका येतो. पुणे-मिरज लोहमार्गावरील कोरेगाव स्थानकासारख्या ठिकाणांहून मुंबईची वाट धरणारा माणूस प्रथम एकटा जाई. गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटी टाकी, खानावळीत जेवी आणि मनिऑर्डरीने घर चालवी. यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. ख्रिस्ती कुटुंबे त्यांत थोडी, पण त्यांची रीत वेगळी नव्हती. सातारा व वाई येथील मिशनकेंद्रांच्या परिसरातील एखाद्या लहान मंडळीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तिची बाप्तिस्म्याची नोंदवही गावी, उपासनेस येणाऱ्या स्त्रिया, मुले व वृद्ध गावी, आणि वर्गणी देऊ शकणारे पुरुष मात्र गिरणगावात. गावचा पाळक त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. शहरातील पाळकाच्या यादीत त्यांचे नाव नसे. नागरी धर्मसेवेचा प्रश्न शहरात निर्माण होतो असे सामान्यतः समजले जाते, पण महाराष्ट्रात तो या दोन नोंदवह्यांच्या मधल्या जागेत निर्माण झाला.

शहरासाठी वेगळा सेवक हवा याची जाणीव काही व्यक्तींना लवकर झाली होती. जॉर्ज बोवेन हे १८४८ मध्ये मुंबईस आले. त्यांनी लवकरच मिशनचे वेतन नाकारले आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शहरातील सामान्य लोकांत अत्यंत साधेपणाने राहिले. परंतु त्यांचे जीवन म्हणजे एक आदर्श होता, पद्धती नव्हे. ती शिकविण्याची सोय कोणी केली नाही. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर १८८२ मध्ये मुंबईत उतरले. लंडनच्या ईस्ट एंडमधील दरिद्री वस्तीत १८६५ मध्ये जन्मलेल्या या संघटनेचे बळही पुढे मोठ्या प्रमाणावर खेड्यांकडे वळले, ही गोष्ट लक्षणीय आहे. नारायण वामन टिळक यांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली होती आणि अहमदनगरच्या सेमिनरीत त्यांनी अध्यापनही केले होते. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करताना त्यांनी जो प्रश्न उभा केला तो शहरापुरता नव्हता : मिशनच्या पगारावरचा सेवक कोणास जबाबदार, मिशनला की लोकांना? शहरी मंडळ्यांना हा प्रश्न पुढे अधिक तीव्रतेने भेडसावला. टिळक १९१९ मध्ये मुंबईत निधन पावले आणि त्यांचा प्रयोग अपुरा राहिला.

ख्रिस्ती मंडळ्यांबाहेरचे एक उदाहरण येथे नोंदविले पाहिजे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. परतल्यावर ते मुंबईत प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. धर्मप्रचारकाचे शिक्षण आणि शहरातील उपेक्षितांची सेवा यांचा असा सांधा त्या काळी मराठी ख्रिस्ती पाळकांच्या वाट्यास क्वचितच आला. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (१९११) कामगारवस्तीत वाचनालये व रात्रशाळा चालवून याच क्षेत्रात पायंडा पाडला होता.

क्लिफर्ड मॅन्शार्ड हे १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत मुंबईस आले, तेव्हा परिस्थिती अशी होती. त्यांचे उच्च शिक्षण शिकागोस झालेले होते. शहराचा एकेक विभाग समाजशास्त्रीय दृष्टीने तपासण्याची परंपरा त्या विद्यापीठात होती आणि जेन ॲडम्स यांचे हल हाउस (१८८९) हे सेवाकेंद्रही त्याच शहरातले. हल हाउसला स्फूर्ती मिळाली होती लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून. सॅम्युएल बार्नेट या धर्मगुरूने १८८४ मध्ये ते काढले होते व सुशिक्षितांनी दरिद्री वस्तीत प्रत्यक्ष राहावे, ही त्यामागील कल्पना होती. मॅन्शार्ड यांनी १९२७ मध्ये भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस उघडले. मुसलमान, ज्यू, हिंदू व ख्रिस्ती अशी मिश्र आणि दाटीची ती वस्ती. केंद्रात दवाखाना, व्यायामशाळा, वर्ग, वाचनालय व व्याख्याने चालत. धर्मांतर हा या कामाचा हेतू नाही, हे मॅन्शार्ड यांनी स्पष्ट केले होते. मिशनच्या परंपरेत ही भूमिका सोपी नव्हती, आणि तिच्यामुळेच वस्तीने केंद्र आपले मानले.

केंद्र चालविताना मॅन्शार्ड यांना आढळले की इमारत व पैसा मिळतो, शिकलेली माणसे मिळत नाहीत. सद्भावनेने आलेला कार्यकर्ता घरभेट कशी घ्यावी, नोंद कशी ठेवावी, मदत केव्हा नाकारावी हे जाणत नव्हता. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये नागपाड्यातच पदवीधरांसाठी समाजकार्याची शाळा सुरू झाली. मॅन्शार्ड तिचे पहिले संचालक होते. १९४१ मध्ये ही जबाबदारी जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे गेली. ही संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाऊ लागली, १९५४ मध्ये ती देवनार येथे गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी ही पहिली संस्था होय.

एका मिशनरी पाळकाच्या अनुभवातून देशातील समाजकार्याचे शिक्षण जन्मास आले, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. तिची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. ते शिक्षण पाळकांसाठी नव्हते आणि पाळकांच्या शिक्षणाने ते आत्मसातही केले नाही. देखरेखीखालील क्षेत्रकार्य, प्रसंगवृत्त लिहिण्याची शिस्त, वस्तीची पाहणी ही नागपाड्यात सिद्ध झालेली साधने धर्मशिक्षणाच्या संस्थांत पोहोचण्यास काही दशके लागली. धर्मशास्त्र एका दालनात आणि शहर दुसऱ्या दालनात, अशी वाटणी झाली. हे मत काहींना कठोर वाटेल. परंतु मंडळी सांभाळणारा आणि वस्ती जाणणारा असे दोन वेगळे व्यवसाय होऊन बसले, हे नाकारता येत नाही. शिवाय पहिल्याला प्रतिष्ठा वेदीजवळ मिळे आणि दुसऱ्याला पदवीमुळे, त्यामुळे एकमेकांकडून शिकण्याचे प्रसंगही थोडेच आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अन्यत्र हीच दरी सांधण्याचे प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे बिशप लेस्ली हंटर यांच्या पाठिंब्याने टेड विकम यांनी १९४४ पासून पोलाद कारखान्यांत जाऊन कामगारांशी संवाद साधण्याचे काम उभारले. शिकागोत १९६० च्या दशकात पाळकांना शहरी कार्याचे शिक्षण देणारे केंद्र निघाले. भारतात बंगलोर येथील धर्म व समाज यांचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेने (१९५७) पा. द. देवनंदन आणि एम. एम. टॉमस यांच्या मार्गदर्शनाखाली औद्योगिकीकरणाचा प्रश्न मंडळ्यांसमोर आणला. मुंबईत १९७० च्या दशकात विविध ख्रिस्ती पंथांच्या सहकार्याने ‘बिल्ड’ ही नागरी-औद्योगिक कार्याची संस्था काम करू लागली. झोपडवासीयांनी स्वतः संघटित व्हावे यासाठी कार्यकर्ते तयार करणे हा तिचा मार्ग होता. ट्रॉम्बेनजीकची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, हलविण्यात आली व सुमारे ७० हजार लोक चीता कँप येथे नेण्यात आले. त्या काळात शहरी सेवकापुढे जो पेच उभा राहिला तो पाठ्यपुस्तकात नव्हता : घर पाडले जात असताना त्याने प्रार्थना करावी, अर्ज लिहावा, की लोकांबरोबर रस्त्यावर बसावे?

मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ३० लाख होती. १९८१ मध्ये ती ८२ लाखांवर गेली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या. चाळींच्या आसपास वसलेल्या मंडळ्यांतील कुटुंबे कल्याण, विरार, नवी मुंबईपर्यंत पांगली. पिंपरी-चिंचवड परिसरात नवा कामगारवर्ग वसला. तेथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असल्याने रविवारच्या उपासनेची वेळ ही केवळ सवयीची बाब राहिली नाही. राज्यातील नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९६१ मध्ये सुमारे २८ टक्के होते, ते २०११ मध्ये ४५ टक्क्यांवर पोहोचले. त्या वर्षी राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती.

शिक्षणसंस्थाही शहरांकडे सरकल्या. यवतमाळ येथे १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास आली. रोमन कॅथलिक पंथाची पेपल सेमिनरी १९५५ मध्येच श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी ऑक्टोबर १९६५ मध्ये स्वतंत्र आदेशपत्र काढले व भोवतालच्या समाजाचे ज्ञान हा त्या शिक्षणाचा भाग ठरविला. लोकभाषेतील उपासना हेही त्या परिषदेचे फलित. वसईत मराठी उपासनेने मूळ धरले. त्याच भागातील धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या चळवळीत पाणी, शेती व नागरीकरण हे विषय धर्मसेवेच्या कक्षेत आणले. शहर आपल्याकडे चालून येते तेव्हा काय करावे, हे त्यातून अनेक तरुण धर्मगुरूंना शिकता आले. संस्थेचे स्थलांतर म्हणजे शिक्षणाचे नागरीकरण नव्हे, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. पदवी अभ्यासक्रमांचे माध्यम बहुधा इंग्रजी आहे. ग्रामीण मंडळीतून आलेला मराठी विद्यार्थी इंग्रजीत धर्मशास्त्र शिकतो आणि मराठी मंडळीत परततो. मधल्या भाषांतराचा भार त्याच्या एकट्यावर पडतो.

नागरी पाळकास प्रत्यक्षात काय यावे लागते, याची कल्पना त्याच्या आठवड्यावरून येते. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्यानुसार लावावे लागतात व त्यांची नोंद काटेकोर ठेवावी लागते. मंडळीची मिळकत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली येते, म्हणून लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात. झोपडपट्टीत राहणाऱ्या सभासदास १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. दफनभूमीत जागा मिळविणे हे मुंबईत दुःखाच्या प्रसंगीचे पहिले काम ठरते. व्यसन, बेकारी, आंतरधर्मीय विवाह, वृद्धांचे एकाकीपण यांसाठी समुपदेशनाचे कौशल्य लागते. केवळ वचन वाचून दाखविल्याने ते साधत नाही. एकाच इमारतीत मराठी, तमिळ, तेलुगू व हिंदी उपासना वेगवेगळ्या वेळी होतात, तेव्हा चार मंडळ्यांत वेळ व जागा यांची वाटणी करण्याचे व्यवहारचातुर्यही हवे असते. यांपैकी बहुतेक गोष्टी वर्गात सांगता येतात, परंतु त्या येतात त्या अनुभवी पाळकाबरोबर वर्षभर हिंडून. म्हणूनच चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एक विभाग नेमून देतात. त्याने तो पायी पाहावयाचा, घरे, शाळा, कारखाने, दारूची दुकाने व रुग्णालये यांचा नकाशा काढावयाचा, घरभेटींचे वृत्त लिहावयाचे आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकासमोर त्याची छाननी करून घ्यावयाची. नकाशा काढताना विद्यार्थ्याच्या हमखास लक्षात येते, की मंदिराच्या दाराशी राहणाऱ्यांची नावे मंडळीच्या यादीत नाहीत आणि यादीतील बरीच माणसे दोन तासांच्या अंतरावर राहतात.

हे सर्व एका वेतनी पाळकाकडून होणे अशक्य असल्याने शहरात मंडळीच्या वडिलांचे व स्त्रियांचे प्रशिक्षण तितकेच महत्त्वाचे ठरते. पूर्वीच्या ‘बायबल-स्त्रिया’ या चाळीतील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू शकणाऱ्या एकमेव सेविका होत्या. त्यांचे वेतन व शिक्षण मात्र नेहमीच बेताचे राहिले. नोकरी करणाऱ्यांना सेमिनरीत राहणे शक्य नसते. त्यांच्यासाठी ग्वातेमालात १९६३ मध्ये सुरू झालेली विस्तारपद्धती उपयुक्त ठरली. या पद्धतीत विद्यार्थी स्वाध्यायपुस्तिका घरी अभ्यासतो आणि आठवड्यातून एकदा गटाने मार्गदर्शकाला भेटतो. भारतात बंगलोर येथून १९७१ पासून तिचा प्रसार झाला. लोकलच्या प्रवासात पुस्तिका वाचणारा कारकून अथवा परिचारिका ही या शिक्षणाची प्रातिनिधिक विद्यार्थी होय.

मराठी मंडळ्यांत एक अडचण अजून शिल्लक आहे. अनेक पंथांत पाळकांच्या ठरावीक काळाने बदल्या होतात. शहरातील विभाग ओळखीचा होऊ लागतो तोच पाळकाची बदली तालुक्याच्या गावी होते आणि कोरेगावकडच्या एखाद्या मंडळीतून आलेला नवा पाळक पुन्हा पहिल्या घरभेटीपासून आरंभ करतो. जेथे मंडळीच्या वडिलांनी विभागाचा नकाशा व कुटुंबांच्या नोंदी स्वतः राखल्या आहेत, तेथे हा खंड कमी जाणवतो. गाव व शहर यांतील मंडळ्यांनी स्थलांतरित सभासदांची माहिती एकमेकांस कळवावी, ही सूचना जुनी आहे. पत्र देण्याची प्रथा काही मंडळ्यांत पाळली जाते, बऱ्याच ठिकाणी ते पत्र सभासदाच्या पेटीतच राहते.